जुनं ‘लिस्टेड’ इंग्लिश कॉटेज घेताय? घर वाचण्यापासून परवानगी काढण्यापर्यंत

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काही जण आता शहराबाहेर गवती छपराची, लाकडी चौकटीची जुनी घरं बघू लागले आहेत. घर पाहिलं की मन बसतं. पण या घराला आधुनिक घराचे नियम लावले तर पैसे जातात, घर खराब होतं आणि कायद्याचाही त्रास होतो. या घरांची बहुतेक दुखणी एकाच चुकीतून येतात. ओल पिऊन ती वाऱ्यावर सोडून देण्यासाठी बांधलेल्या भिंतीचं तोंड कुणीतरी सिमेंटनं किंवा प्लॅस्टिक रंगानं बांधून टाकलेलं असतं. म्हणून आधी घर वाचायचं, म्हणजे ते कशाचं आणि कसं बांधलंय ते नीट बघायचं, मग कागद बघायचे आणि हातोडी सगळ्यात शेवटी घ्यायची.

१. यादीतली नोंद काढा आणि तिच्यावर फार विसंबू नका

इंग्लंडमधल्या संरक्षित, म्हणजेच ‘लिस्टेड’, इमारतींची यादी ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था सांभाळते. ती ऑनलाइन आहे आणि फुकट पाहता येते. पत्ता किंवा नकाशा वापरून घराची नोंद शोधा, तिचा क्रमांक लिहून घ्या आणि वर्णन छापून ठेवा.

श्रेणी तीन आहेत: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. दहातल्या नऊहून जास्त इमारती ग्रेड टूमध्ये येतात, तुमचं घरही बहुधा त्यातच असेल. ‘नुसतं ग्रेड टू आहे, आतून काहीही करता येईल’ असं एजंटकडून किंवा शेजाऱ्याकडून ऐकायला मिळेल. ते साफ चूक आहे. परवानगीचा कायदा तिन्ही श्रेणींना सारखाच लागतो आणि संरक्षण आतून-बाहेरून अख्ख्या घराला असतं. जिना, दारं, चुलाण्याची जागा, जमिनीच्या फरश्या, भिंतीतलं कपाट, सगळं त्यात आलं.

जुन्या नोंदींचं वर्णन पुष्कळदा चार-पाच ओळींचंच असतं आणि शेवटी ‘आतून पाहणी केलेली नाही’ असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे आतला भाग मोकळा सुटला, असा अर्थ नाही. वर्णन हे घर ओळखण्यापुरतं असतं, त्यात न आलेली वस्तूही संरक्षितच असते. आवारातलं जुनं न्हाणीघर, गोठा, कुंपणाची भिंत अशी बांधकामं १ जुलै १९४८ च्या आधीपासून तिथे असतील, तर तीही घराचाच भाग धरली जातात. ही तारीख १९४७ च्या नगररचना कायद्याच्या अंमलबजावणीची आहे.

२. भिंत कशाची आहे ते ओळखा

*लाकडी चौकट.* ओकचं लाकूड ओलं असतानाच कापून चौकट बांधायची पद्धत होती. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारं कुसू आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. लोखंडी खिळा जवळजवळ नाही. लाकूड वाळताना वाकलं आणि सांधे आवळले गेले. तिरपे खांब आणि उतरत्या तुळया बघून घाबरू नका, बऱ्याच घरांनी हा वाकडेपणा पहिल्या काही वर्षांतच घेतलेला असतो. घाबरायचं ते नव्या, ताज्या कडांच्या भेगांना. सांध्याजवळ टॉर्च धरून पाहा. सुताराच्या छिन्नीनं कोरलेल्या रोमन आकड्यांसारख्या खुणा दिसतील. जमिनीवर जुळवलेली चौकट सुटी करून जागेवर पुन्हा उभी करताना कुठलं लाकूड कुठे, हे कळावं म्हणून त्या केलेल्या असतात. तुळया पॉलिशसाठी घासल्या किंवा वाळूच्या झोतानं साफ केल्या की या खुणा कायमच्या जातात.

चौकटीच्या मधल्या चौकोनात हेझलच्या काठ्यांचं किंवा चिरलेल्या ओकच्या पट्ट्यांचं विणकाम असतं, त्यावर माती, शेण आणि काड यांचा लेप आणि वरून चुना. कोकणातला कारवीचा कूड पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. शेणमाती दिसली म्हणून कुणी ‘कच्चं काम, काढून विटा घालू’ म्हणालं तर थांबवा. हा कूड हलका आहे आणि चौकटीबरोबर हलतो. सिमेंट-विटांचं भरण हलत नाही. ओक आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, पाऊस तिच्यातून आत जातो, बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही आणि सर्वात खालची आडवी तुळई कुजते. ही तुळई म्हणजे घराचं जोतं. पाहणीत पहिलं लक्ष तिच्याकडे द्या.

काळं लाकूड आणि मध्ये पांढरी भिंत हे चित्र ‘अस्सल जुनं’ वाटतं, पण लाकूड काळं रंगवायची आवड बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली आहे. उघडा ओक आपोआप रुपेरी होतो, काही भागांत त्यावरही चुन्याचाच हात फिरवत.

*कॉब.* डेव्हनमध्ये माती आणि काड तुडवून थरावर थर रचलेल्या, ६०० मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या भिंती असतात. तिकडे म्हण आहे की कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट द्यावेत: वर पुढे आलेलं छप्पर, खाली दगडी पाया. या दोहोंपैकी एक बिघडलं किंवा वरून सिमेंटचा गिलावा चढला, की आतली माती भिजत राहते. वरून सगळं ठीक दिसत असताना भिंतीचा पायथा बसू शकतो, म्हणून सिमेंट लावलेल्या कॉबच्या घराला तज्ज्ञ दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

*दगड.* कॉट्सवोल्ड्समध्ये मधाळ रंगाचा चुनखडक मिळतो. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही जुन्या घरांची रांग पाहून या. मुळात ते लोकरीचं कोठार होतं, सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. छपराच्या दगडी चिपा खालच्या कडेला मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान होत गेलेल्या दिसतील. दुरुस्तीत हा क्रम मोडला की ते लांबूनही कळतं.

*वीट.* जुनी वीट बहुधा पातळ, ५० ते ६० मिलिमीटर; आजची ६५. भिंतीत विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसत असेल तर भिंत बहुधा भरीव आहे, मधली पोकळी नाही. पोकळीत इन्सुलेशन भरून देणारे विक्रेते दारावर आले तर त्यांना हेच सांगा.

३. छपराखाली चढा

माळ्यावर टॉर्च घेऊन चढायचं काम खरेदीआधीच करा. वासे आणि गवताचा सर्वात खालचा थर काजळीनं काळा असेल, तर घराचा तो भाग मध्ययुगीन असण्याची शक्यता आहे. त्या काळी धुराडं नव्हतं. मधल्या उंच दालनात जमिनीवर आगटी असे आणि धूर छपरातून झिरपून जाई. गावाकडच्या चुलीवरचे काळवंडलेले वासे आठवा. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात अशा दालनांत विटांचं किंवा दगडाचं धुराडं घातलं गेलं आणि उंचीच्या मध्यावर मजला टाकला गेला. तुमच्या वरच्या खोलीत तुळई छातीच्या उंचीवर का येते, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

ही काजळी पुसायची नाही. तिच्यावरून घराचं वय ठरतं. डेव्हनमध्ये काही घरांच्या छपरांत मध्ययुगीन गवताचे थर तसेच टिकून आहेत.

चुलाण्यावरच्या आडव्या ओकच्या तुळईकडे डोळे बारीक करून बघा. थेंबाच्या आकाराचे जळके डाग, कर्कटकानं काढलेली सहा पाकळ्यांची फुलं दिसली तर ती मुद्दाम केलेली आहेत. घराला वाईट काही लागू नये म्हणून लोक अशा खुणा करत, धुराड्याजवळ जुना बूटही दडवत. असं काही सापडलं तर जागेवरच राहू द्या, फोटो काढा, मोजमाप लिहा.

घर घेण्याआधी ही भाषा डोळ्यांत बसायला हवी असेल, तर एक दिवस वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड म्युझियमला द्या. उघड्या आगटीचं दालन असलेलं बेलीफ हे शेतघर तिथे पुन्हा उभं केलेलं आहे. ईस्ट ससेक्समधलं आल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस नॅशनल ट्रस्टनं १८९६ मध्ये १० पौंडांना घेतलं, ट्रस्टनं विकत घेतलेली ती पहिली इमारत. तिथली जमीन खडू कुटून, आंबट दूध घालून केलेली आहे.

४. छप्पर: गवत कुठलं हे आधी विचारा

तीन प्रकार आहेत. लाँग स्ट्रॉ म्हणजे उलटसुलट मिसळलेला गव्हाचा पेंढा. तो मऊ, ओतल्यासारखा दिसतो आणि पागोळीच्या कडेला हेझलच्या काड्यांची नक्षी दिसते. कोम्ब्ड व्हीट रीड हाही गव्हाचाच, पण विंचरून सगळी बुडं बाहेर ठेवलेला, ब्रशसारखा. वॉटर रीड म्हणजे पाणथळीतला बोरू, कडक आणि रेखीव कडांचा. आयुष्य साधारण याच क्रमानं वाढत जातं: लाँग स्ट्रॉ १५ ते २५ वर्षं, वॉटर रीड चांगल्या हातानं घातला तर ४० च्या पुढेही. आढ्याची पट्टी मात्र १० ते १५ वर्षांनी बदलावीच लागते.

‘जास्त टिकतं ना, मग वॉटर रीडच घालू’ हा विचार साहजिक आहे, पण गोम इथेच आहे. पेंढ्याची शाकारणी जुन्या थरावर नवा थर चढवून होते. वॉटर रीड घालताना सहसा सगळं उपसून तो थेट वाशांवर बांधतात, म्हणजे शेकडो वर्षांचे खालचे थर जातात. म्हणून गवताचा प्रकार बदलायला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही.

खरेदीच्या वेळी विचारा: शेवटची शाकारणी कधी झाली, आढं कधी केलं, पावत्या आहेत का? गवतातून आडव्या काड्या उघड्या पडल्या असतील, पाण्याच्या खोल चरा पडल्या असतील, तर खर्च जवळ आला आहे असं समजा.

५. ओल: सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात

भरीव भिंतीत थोडी ओल असणारच. चुन्याचा गिलावा ती शोषतो आणि कोरड्या दिवशी सोडतो. अडचण होते ती अडवल्यावर: बाहेर सिमेंटच्या दर्जा (विटा-दगडांमधले सांधे), आत जिप्समचा गिलावा, वर विनाइल रंग. मग रंगाला फोड येतात, लोणा फुटतो, विटेचा पुढचा पापुद्रा थंडीत सुटून पडतो. विटांच्या दर्जांवर किल्ली ओढून पाहा. चुना ओरखडतो आणि पांढरट असतो. सिमेंट करडं, कडक, किल्लीला दाद देत नाही.

भिंतीत रसायन टोचणारे कंत्राटदार हातातलं विजेचं मीटर लावून लाल दिवा दाखवतात. त्या मीटरला लाकडात अर्थ असतो. भिंतीत क्षार असले की ते कोरड्या भिंतीतही ओल दाखवतं. ओबडधोबड दगडी भिंतीत रसायनाचा सलग थर बनतही नाही.

या क्रमानं जा आणि प्रत्येक पायरीनंतर घराला वेळ द्या:

– पन्हळी आणि पावसाचे पाइप जोराच्या पावसात उभं राहून बघा. पाणी कुठे पडतं, कुठे उडतं?
– बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली हवी. शतकानुशतकं माती आणि फरशा साचून ती वर आलेली असते. खणताना बेतानं: या घरांचा पाया उथळ असतो, भिंतीला लागून खोल चर काढली तर भिंतच खचेल.
– आत काँक्रीटची जमीन आणि खाली प्लॅस्टिक घातलं असेल, तर जमिनीतली ओल भिंतींकडे ढकलली जाते.
– मग सिमेंटच्या दर्जा. त्या काढताना विटांच्या कडा तुटणार नाहीत इतक्या जपून, छिन्नीनं काढायच्या. गोल फिरणारं कटर नको.
– वाफ. आपल्या स्वयंपाकात कुकर, फोडणी, उकळत्या डाळी असतात आणि छत बुटकं. वाफ बाहेर काढायलाच हवी. पंख्यासाठी भिंतीला नवं भोक पाडायला मात्र परवानगी लागते, म्हणून आधी खिडकीतून किंवा बंद पडलेल्या धुराड्यातून वाट निघते का ते पाहा.

भिंत उघडी केली की ती सुकायला महिने लागतात, जाड असेल तर वर्षही. घाईनं आतून रंग मारला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

लाकडातल्या भोकांचंही असंच. १ ते २ मिलिमीटरची भोकं फर्निचर बीटलची, सुमारे ३ मिलिमीटरची डेथवॉच बीटलची. दुसरा किडा ओलसर ओकमध्ये जगतो. भोकं जुनी असू शकतात. खाली ताजा, फिकट भुसा पडतोय का ते वसंतात बघा आणि फवारणीआधी ओल कुठून येते ते शोधा.

६. खरेदीआधीचे कागद आणि माणसं

सर्व्हे ‘लेव्हल थ्री’चाच, म्हणजे सगळ्यात सविस्तर प्रकारचा करा आणि तोही संवर्धनाची मान्यता असलेल्या सर्व्हेयरकडून. नवीन घरं तपासणारा माणूस इथे प्रत्येक पानावर ‘ओल, तज्ज्ञाला दाखवा’ लिहून मोकळा होतो. विल्यम मॉरिस आणि मित्रांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली ‘स्पॅब’ ही संस्था जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर सल्ला देते. तिचं साहित्य खरेदीआधी वाचून काढा.

विक्रेत्याकडून मागायचे कागद:

– आजवरच्या सगळ्या लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या (संरक्षित घरात बदल करायच्या परवानगीच्या) प्रती, मंजूर नकाशे आणि अटी पूर्ण झाल्याची पत्रं
– बिल्डिंग कंट्रोलचे दाखले, वायरिंग आणि चुलाण्याचे दाखले
– शाकारणी आणि धुराडं साफ केल्याच्या पावत्या
– वटवाघळांची पाहणी झाली असेल तर तिचा अहवाल

हे काटेकोर करण्याचं कारण मोठं आहे. परवानगीशिवाय केलेल्या कामावर कारवाई करायला कायद्यात मुदत नाही. आधीच्या मालकानं २० वर्षांपूर्वी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या खिडक्या काढून पूर्ववत करा, अशी नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. असं काही दिसलं तर कौन्सिलला फोन करण्याआधी सॉलिसिटरशी बोला. कौन्सिलला कळवलं की त्या कामासाठीचा विमा मिळणं सहसा बंद होतं. आणि तो विमा पैशांपुरताच असतो, काम नियमित करून देत नाही.

७. परवानगी

घराच्या ऐतिहासिक स्वरूपावर परिणाम करणारा कुठलाही बदल, वाढ किंवा पाडकाम असेल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागते. तिच्याशिवाय काम करणं हा गुन्हा आहे: दंडाला वरची मर्यादा नाही आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तसंच्या तसं, त्याच साहित्यात केलेल्या छोट्या दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. पण कुजलेला खिडकीचा तळ बदलणं ही दुरुस्ती. तशीच दिसणारी अख्खी नवी खिडकी बसवणं ही दुरुस्ती नाही. शंका असेल तर कौन्सिलच्या कन्झर्वेशन ऑफिसरकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी होकाराला पुढे आधार राहत नाही.

अर्जासोबत साधारण हे लागतं:

– १:१२५० किंवा १:२५०० मापाचा जागेचा नकाशा
– आत्ताचे आणि प्रस्तावित आराखडे, १:५० किंवा १:१०० मापात
– खिडकी-दाराचं काम असेल तर मोठ्या मापातले छेद
– घराचं महत्त्व आणि कामाचा त्यावरचा परिणाम सांगणारं हेरिटेज स्टेटमेंट, शिवाय डिझाइन अँड अ‍ॅक्सेस स्टेटमेंट
– खोलीवार फोटो

अर्जाला फी नाही. आधीच्या सल्ल्यासाठी मात्र बऱ्याच कौन्सिल पैसे घेतात, आणि ते देणं परवडतं. निर्णयाची मुदत ८ आठवड्यांची. मंजुरी आली की अटी वाचा. ‘काम सुरू करण्यापूर्वी नमुना मंजूर करून घ्यावा’ अशी अट हमखास असते आणि ती विसरून काम सुरू करणं हाही गुन्हाच. मंजुरी सहसा तीन वर्षं चालते. प्लॅनिंग परमिशन आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स ही वेगळी प्रकरणं आहेत. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नाही.

दुहेरी काचांचा हट्ट शक्यतो सोडा. जुन्या काचेला असलेली बारीक लाट पुन्हा मिळत नाही. आतल्या बाजूनं दुसरी काच बसवायला परवानगी तुलनेनं लवकर मिळते आणि थंडी, आवाज दोन्ही कमी होतात.

बजेट करताना व्हॅट विसरू नका. लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांना पूर्वी शून्य दर होता, तो १ ऑक्टोबर २०१२ पासून गेला.

८. चुन्याचं काम करून घेताना

विरवून मुरवलेला चुना एक भाग, धारदार कणांची वाळू तीन भाग. तयार पिशवीतला चुना वापरायचा तर एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) २, ३.५ आणि ५ असे आकडे दिसतील. आकडा वाढला की कडकपणा वाढतो. मऊ विटेला ५ लावू नका. दर्ज नेहमी विटेपेक्षा मऊ असावी, म्हणजे झीज तिची होते आणि विटा वाचतात.

भिंत आधी पाणी मारून भिजवायची. थर १० मिलिमीटरच्या आसपास. खालचा आवळल्याशिवाय वरचा नाही. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम नको, म्हणून बाहेरचं काम एप्रिल ते सप्टेंबरमध्येच उरका. ऊन-वाऱ्यापासून वाचवायला ओलं गोणपाट टांगून ठेवा. चुना पटकन वाळला तर भुगा होतो. चुन्याचा हात दुधाइतका पातळ, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी भिंत ओलसर करून. डोळ्यांना चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

९. आग आणि विमा

गवती छपराखाली शेगडी वापरणार असाल तर धुराडं वर्षातून दोनदा साफ करून घ्या, धुराड्याच्या आतली नळी तपासून घ्या आणि २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असलेलंच लाकूड जाळा. धुराड्याचं तोंड गवताच्या वर निदान १.८ मीटर असावं, असा सल्ला दिला जातो. उंची कमी असेल तरी ती परस्पर वाढवायची नाही, त्यालाही परवानगी लागते.

विमा कंपनीला छपराचा प्रकार, भिंतींचं साहित्य, शेगडी आणि श्रेणी लेखी कळवा. विम्याची रक्कम बाजारभावावर नाही, तर ओक, चुना आणि गवत वापरून घर पुन्हा उभं करायच्या खर्चावर ठरवायची असते. तो आकडा सर्व्हेयरकडून काढून घ्या आणि पॉलिसीतली धुराडं साफ करण्याची अट किती महिन्यांची आहे ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.